चेस्टनट स्ट्रीटवरचे मवाळ आणि जहाल

फिलाडेल्फियाजवळ राहायचं म्हणजे भारतातून आलेल्या पाहुण्यांना इंडिपेन्डन्स हॉल दाखवायला नेणं ओघानं आलंच. लिबर्टी बेलची चीर, तिच्यासमोर फोटो, मग जेवायला कुठे जायचं यावर खल. शाळेत शिकलेलं बहुतेकांना एवढंच आठवत असतं: बोस्टनच्या बंदरात चहा फेकला आणि 4 जुलै 1776 ला स्वातंत्र्य. मधली अडीच वर्षं गायब. त्यामुळे वॉशिंग्टन, फ्रँकलिन ही मंडळी पहिल्यापासून इंग्रजांवर दात-ओठ खात होती, असं आपण धरून चालतो. खरं तर त्यांचं दुखणं वेगळंच होतं. आपल्याला पुरेसं इंग्रज मानत नाहीत, याचा त्यांना राग होता!

फ्रँकलिनचंच बघा. 1763 ला फ्रान्सशी चाललेलं युद्ध संपलं तेव्हा ब्रिटनचं कर्ज जवळपास दुप्पट झालं होतं. अमेरिकेत ठेवलेल्या फौजेचा खर्च तिथल्याच लोकांकडून काढायचा म्हणून 1765 मध्ये कागदपत्रांवर कर बसवणारा स्टॅम्प कायदा आला. कर भरायला अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींची ना नव्हती, पण तो त्यांच्या स्वतःच्या असेंब्लीनं, म्हणजे निवडून दिलेल्या सभेनं बसवलेला हवा होता. पार्लमेंटमध्ये आमचा एक माणूस नाही, मग पार्लमेंट आमच्या खिशात हात कसा घालते, हा सवाल. फ्रँकलिन तेव्हा लंडनमध्ये पेनसिल्व्हेनियाचा प्रतिनिधी होता. कायद्याला त्याचा विरोध होता, पण तो टळत नाही असं दिसल्यावर पठ्ठ्यानं स्टॅम्पच्या अंमलबजावणीची नोकरी आपल्याच एका मित्राला मिळवून दिली. इकडे फिलाडेल्फियात लोक खवळले. जमाव घरावर चालून येणार अशी बातमी आली, तेव्हा बायको डेबोरा बंदूक घेऊन घरातच ठाण मांडून बसली. पळाली नाही.

या माणसाला स्वातंत्र्यवादी केलं ते लंडननंच. मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरची खासगी पत्रं बोस्टनला पोचवल्याचा ठपका ठेवून 29 जानेवारी 1774 ला त्याला प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळापुढे उभं केलं. बोस्टनला चहा बुडवल्याची बातमी लंडनला नुकतीच पोचली होती, त्यामुळे सगळे आधीच तापलेले. सरकारी वकील वेडरबर्न तासभर त्याचे वाभाडे काढत होता आणि बडे लॉर्ड हसत होते. अडुसष्ट वर्षांचा फ्रँकलिन अक्षर न बोलता उभा राहिला. पाठोपाठ पोस्टखात्यातलं पदही गेलं. त्या दिवशी अंगात असलेला मखमली सूट त्यानं जपून ठेवला आणि 1778 मध्ये फ्रान्सशी तह करताना मुद्दाम पुन्हा घातला, असं सांगतात. पोटचा मुलगा विल्यम मात्र न्यू जर्सीचा शाही गव्हर्नर होता, तो राजाच्याच बाजूनं राहिला. बापलेकांचं पुढे कधी धड जमलं नाही.

वॉशिंग्टनला तरुणपणी ब्रिटिश सैन्यात कायमचा अधिकारी व्हायचं होतं, ते कधी जमलं नाही. पुढे ॲपलाचियन डोंगरांपलीकडे वसाहत करायला राजानं मनाई केली, आणि तिकडच्या जमिनीवर तर त्याचा डोळा होता. तरीही ऑक्टोबर 1774 मध्ये तो ब्रिटिश सैन्यातल्या एका कॅप्टनला लिहितो की स्वातंत्र्य कोणत्याही वसाहतीला नकोय.

पण मला सगळ्यात भावतो तो जॉन डिकिन्सन. अस्सल मवाळ! पेशानं वकील, गडगंज श्रीमंत. ‘पेनसिल्व्हेनियातल्या शेतकऱ्याची पत्रं’ लिहून त्यानं 1767-68 मध्ये करांविरुद्ध सगळ्या वसाहतींना जागं केलं. 1773 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाच्या विरोधात लिहिताना त्यानं बंगालच्या दुष्काळात मेलेल्या लाखो लोकांची आठवण दिली: ईस्ट इंडिया कंपनीनं आशियात काय केलंय ते पाहा, आता ती आपल्याकडे वळली आहे. हे वाचताना मला हटकून पुणे आठवतं. राघोबादादानं 6 मार्च 1775 ला याच कंपनीशी सुरतेचा तह केला. त्यानंतर जेमतेम सहा आठवड्यांत इकडे मॅसॅच्युसेट्सच्या लेक्सिंग्टन गावात ब्रिटिशांविरुद्धच्या युद्धाची पहिली गोळी सुटली.

गोळी सुटल्यावरही डिकिन्सनचा अर्ज-विनंत्यांवरचा विश्वास उडाला नाही. जुलै 1775 मध्ये त्यानं काँग्रेसकडून, म्हणजे फिलाडेल्फियात भरलेल्या वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेकडून, राजाला शेवटचा विनंती अर्ज पाठवायला लावला. काँग्रेसमधला जहाल जॉन ॲडम्स वैतागला आणि एका खासगी पत्रात त्यानं डिकिन्सनला कोत्या बुद्धीचा म्हटलं. पत्र ब्रिटिशांच्या हाती लागलं, छापूनही आलं. मग सप्टेंबरमध्ये दोघे चेस्टनट स्ट्रीटवर समोरासमोर आले. ॲडम्सनं हॅट काढून मान लववली. डिकिन्सन कोपराला कोपर लागेल इतक्या जवळून ढुंकूनही न पाहता निघून गेला. ॲडम्सनं हे डायरीत लिहून ठेवलंय. मी याच रस्त्यावर पार्किंग शोधत फिरते, तेव्हा हा प्रसंग आठवून हसू येतं.

राजा तिसऱ्या जॉर्जनं तो अर्ज हातातही घेतला नाही. उलट ऑगस्टमध्ये वसाहती बंडखोर असल्याचा जाहीरनामा काढला. नोव्हेंबरमध्ये व्हर्जिनियाचा गव्हर्नर डनमोर यानं बंडखोरांचे जे गुलाम ब्रिटिश सैन्यात येतील त्यांना मुक्त करण्याची घोषणा केली. कुंपणावर बसलेले कित्येक मळेवाले या एका घोषणेनं काँग्रेसकडे वळले. ‘इंग्लंड आम्हाला गुलाम करू पाहतंय’ असं ओरडणाऱ्यांच्या शेतात शेकडो माणसं साखळीत होती. हॉल दाखवताना पाहुण्यांना हे मी आवर्जून सांगते, फोटोचा मूड गेला तरी चालेल. डिसेंबरमध्ये अमेरिकेची जहाजं जप्त करायचा कायदा झाला, पाठोपाठ नव्या वर्षाच्या सुरुवातीला जर्मन भाडोत्री सैनिकांचे करार झाले. जानेवारी 1776 मध्ये टॉमस पेनची ‘कॉमन सेन्स’ ही पुस्तिका आली. इंग्लंडहून येऊन पेनला सव्वा वर्षही झालं नव्हतं, पण बाकीचे पार्लमेंटवर टीका करत राजाला सांभाळून घेत होते, तेव्हा त्यानं थेट राजेशाहीवरच घाव घातला.

तरीही 1 जुलैला, याच हॉलमध्ये काँग्रेसपुढे स्वातंत्र्याचा ठराव आला तेव्हा, डिकिन्सन उभा राहिला आणि म्हणाला, अजून थांबा. आधी परदेशाची मदत पक्की करा, आपसातला करार करा. वेडगळ मुद्दा नव्हता. प्रत्येक वसाहतीला एकच मत होतं. त्या दिवशी पेनसिल्व्हेनिया आणि साउथ कॅरोलायना विरोधात गेले, डेलावेअर दुभंगलं, न्यूयॉर्क तटस्थ. दुसऱ्या दिवशी डेलावेअरचा प्रतिनिधी सीझर रॉडनी रातोरात घोडदौड करून पावसात भिजत पोचला, साउथ कॅरोलायनानं मत फिरवलं, आणि डिकिन्सन व पेनसिल्व्हेनियाचाच रॉबर्ट मॉरिस मतदानापासून लांब राहिले, म्हणून पेनसिल्व्हेनियाचं मत ठरावाच्या बाजूनं पडलं.

स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर डिकिन्सननं सही केली नाही. आपली बटालियन घेऊन तो न्यू जर्सीत ब्रिटिशांशी लढायच्या तयारीनं गेला. तो तिकडे असतानाच पेनसिल्व्हेनियानं काँग्रेससाठी नवे प्रतिनिधी निवडले आणि त्या यादीतून त्याचं नाव काढून टाकलं.