गणिताच्या तासाला सुपाऱ्या

आमच्या वेळी जो फटाफट तोंडी हिशोब करायचा त्याला सगळी शाळा गणितात हुशार म्हणायची. आमचे गणिताचे सर मात्र तसं कधीच म्हणाले नाहीत, उत्तर बरोबर आलं की ते विचारायचे, "कित्याक रे?", म्हणजे "का रे?", आणि तिथे भलेभले अडायचे.

एकदा त्यांनी कुळागरातल्या सुपाऱ्या आणून टेबलावर मांडल्या. आधी एक, मग तिला काटकोनात लागून तीन, मग पाच, मग सात, आणि दरवेळी चौरसच होत गेला. 1+3+5+7 म्हणजे 16 हे सगळ्यांनीच सांगितलं, पण असं का होतं? वर्गातली एक मुलगी, जी 17 चा पाढा म्हणताना हमखास अडखळायची, ती बराच वेळ गप्प बघत होती आणि मग म्हणाली, सर, चौरस वाढवायचा तर उजवीकडे एक बाजू, खाली तेवढीच एक बाजू आणि कोपऱ्यात एक सुपारी लागणारच, म्हणून विषमच येणार. मग पहिल्या शंभर विषम संख्यांची बेरीज 10000 हे तिने न मांडता सांगितलं. माझ्या मते गणित ते हेच, आणि त्यात चांगलं असणं म्हणजे 'का' सापडेपर्यंत तिथून न उठणं. वेग असला तर उत्तम, नसला तरी अडत नाही.

देवळालीला शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर असेच आकड्यांशी बसायचे. चार आकडी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत, अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाची वजा करा, परत तेच. 3524 घेतली तर 5432-2345=3087, मग 8352, मग 6174, आणि तिथून पुढे हलतच नाही! आपल्या गोव्यात 1907 साली जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी गणिती, त्यांनी जुनी आहत, म्हणजे ठसे मारून घडवलेली, नाणी वजन करून, हाताळून किती झिजली त्यावरून त्यांचा क्रम लावला. प्रश्न इतिहासाचा, पण पिच्छा पुरवायची सवय गणिताची.

आत्ताच्या मुलांनी कापरेकरांचाच खेळ तीन आकडी संख्येवर करून बघा, शेवटी 495 येतं. त्याचं 'का' तुम्हालाही सापडेल, एवढंच सांगतो की दर वजाबाकीचं उत्तर 99 च्या पाढ्यात असतं.