वाइंडिंगवाला कुठल्या पानावर?

एका शनिवारी सकाळी आमच्या पाण्याच्या मोटरनं घूंऽऽ असा आवाज केला, जळकट वास सोडला आणि ती गप्प झाली. काळम्मावाडीचं पाणी थेट पाइपलाइननं कोल्हापुरात आलं याचा आनंद आहेच, पण खालच्या टाकीतनं ते गच्चीवर चढवायला ही एक एचपीची म्हातारीच लागते. आईनं वास घेतला आणि निकाल दिला, "वाइंडिंग गेलं. डायरी बघ."

वाइंडिंग म्हणजे मोटरीतली तांब्याच्या तारेची गुंडाळी, आणि डायरी म्हणजे फ्रिजवरची, रबरबँड लावलेली, कुठल्याशा पतसंस्थेनं दिलेली. मी म्हटलं, डायरी कशाला, फोनवर दोन मिनिटांत माणूस मिळतो.

एका व्यवसाय-सूचीवर गेलो आणि 'मोटर रिपेअर, कोल्हापूर' असं टाकलं. आधी चारचाकीची गॅरेजं आली, मग टू-व्हीलरची, मग मोटर ड्रायव्हिंग स्कूल. चूक सूचीची नव्हती. आपण घरात जिला मोटर म्हणतो तिला दुकानदार पंप म्हणतो, आणि तो पंप दुरुस्त करणारा स्वतःच्या बोर्डावर 'रिवाइंडिंग वर्क्स' लिहितो. म्हणून घाईघाईनं इंग्रजीत 'वाइंडिंग' टाइप केलं. फोननं परस्पर त्याचं 'वेडिंग' केलं. माझं लक्ष नव्हतं. यादी लांबलचक आली, सगळे नंबर झाकलेले. 'उत्तम दर मिळवण्यासाठी आपला मोबाइल नंबर द्या' असा चौकोन होता, मी देऊन टाकला.

तीन मिनिटांत पहिला फोन.

"साहेब, चौकशी केला होता. माणसं किती धरायची?"

"एकच बास. पण हत्यारं घेऊन येऊ दे."

पलीकडं शांतता. "तारीख कुठली आहे?"

"आजच. घरात पाण्याचा थेंब नाही हो."

मोठी शांतता. मग अगदी हळू आवाजात, "तुम्ही मुलाकडचे का मुलीकडचे?"

दुपारपर्यंत दोन मंगल कार्यालयं, तीन मंडपवाले, एक बँड आणि एक घोडेवाला यांचे फोन येऊन गेले. घोडेवाला सगळ्यात सज्जन. चूक कळल्यावर मनापासून हसला आणि म्हणाला, "असू दे, लागंल तवा सांगा." आई स्वयंपाकघरातनं प्रत्येक फोन कान देऊन ऐकत होती.

हे असं का होतं ते नंतर कळलं. अशा सूच्या आपल्यासाठी फुकट असतात, पण दुकानदारासाठी नसतात. आपण चौकोनात नंबर टाकतो तेव्हा त्याची 'लीड', म्हणजे गिऱ्हाइकाची चौकशी, होते, आणि ती एकाच वेळी पाच-सात जणांच्या ताटात वाढली जाते. त्यासाठी त्यांनी पैसे मोजलेले असतात. तेव्हा ते चिवटपणे फोन करणारच. म्हणून आता मी नंबर देतच नाही. झाकलेला नंबर बघायचा असेल तर दुकानाचं नाव उचलायचं आणि ते वेगळं शोधायचं, कुठंतरी उघडा मिळतोच. यादीत सगळ्यात वर जे दिसतात त्यांच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'जाहिरात' लिहिलंय का तेही बघायचं. वरचा म्हणजे चांगला असं नसतं, वरचा म्हणजे पैसे भरलेला असंही असतं.

टेलिफोन डिरेक्टरीचा मूळपुरुष याहून साधा होता. अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या न्यू हेवन गावी फेब्रुवारी १८७८ मध्ये ती पहिल्यांदा निघाली. एकच पान, त्यावर पन्नास नोंदी, आणि गंमत म्हणजे एकाही नोंदीपुढं नंबर नाही. ऑपरेटरला नाव सांगायचं, तो जोडून द्यायचा. मला ही व्यवस्था एकदम कोल्हापुरी वाटते. आपल्याकडं अजूनही तसंच चालतं की. पापाच्या तिकटीला उभं राहून कुणालाही विचारा, तो म्हणणार, "ते व्हय? जाऊन माझं नाव सांगा."

आमच्या घरी डिरेक्टरी होती तेव्हा ती टेलिफोनखाली असायची आणि तिच्यावर बसवून मला जेवायला घालायचे. नंबर नसलाच तर १९७ फिरवायचा. पण त्या जाड पुस्तकात शोधायला माणसाचं आडनाव माहीत असावं लागे. धंद्यावरून शोधायची सोय पिवळ्या पानांत. ती पिवळी का, तर १८८३ मध्ये वायोमिंगमधल्या शायेन गावच्या छापखान्यात पांढरा कागद संपला म्हणून, असं सांगतात. कागद संपला म्हणून सुरू झालेली गोष्ट कागद गेला तरी टिकली.

ऑनलाइन सूचीत नाव आणि धंदा दोन्ही चालतात, पण कोल्हापुरात नावानं शोधणं म्हणजे जत्रेत 'ए पाटील' अशी हाक मारणं. निम्म्या बाजाराचं नाव महालक्ष्मी, उरलेल्यात जोतिबा, शाहू आणि शिवाजी. त्यात महालक्ष्मी इंग्रजीत कुणी 'एक्स' घालून लिहितो, कुणी 'केएसएच' घालून. शेवटी कुणी 'आय' लावतो, कुणी दोनदा 'ई'. पत्त्यात नुसतं 'शिवाजी' टाकाल तर शिवाजी पेठ, शिवाजी चौक, शिवाजी उद्यमनगर, शिवाजी पूल आणि शिवाजी विद्यापीठ, सगळे एका रांगेत येऊन उभे राहतात. उद्यमनगर कुणी जोडून लिहिलेलं, कुणी तोडून. एका स्पेलिंगला काही आलं नाही म्हणजे गावात काही नाही, असं समजायचं नाही. दोन-तीन तऱ्हांनी मारायचं, आणि एकदा देवनागरीतनंही. बऱ्याच जणांनी नाव मराठीतच भरलेलं असतं.

'माझ्या जवळचे' या बटणाचा मात्र कॉम्प्युटरवर भरवसा नाही. इंटरनेट कंपनीमुळं आमच्या कॉम्प्युटरची ठाम समजूत आहे की तो पुण्यात राहतो. त्यामुळं पेठेचं नाव आपण हातानंच घालायचं. राजारामपुरी असेल तर गल्लीच्या नंबरासकट.

त्या दिवशी मला खरी वाट सापडली ती उलट्या बाजूनं. आमच्या ओळखीचं एक पंपांचं दुकान आहे. दुरुस्ती करत नाहीत, फक्त विकतात. त्यांची नोंद उघडली आणि सूचीनं त्यांना कुठल्या वर्गात टाकलंय ते बघितलं. त्या वर्गावर बोट ठेवलं तर त्यांचे भाऊबंद बाहेर पडले, आणि त्यांच्यात 'सबमर्सिबल पंप रिवाइंडिंग'वाले चौघं. धंद्याला सूचीवाले काय म्हणतात हे आपण आपल्या डोक्यानं ओळखत बसण्यापेक्षा एक बरोबर दुकान पकडून त्याच्या मागं जाणं सोपं.

चौघांत कुणाला फोन करायचा? पाच चांदण्या आणि 'नाइस' एवढंच लिहिलेले अभिप्राय मी ओलांडतो. कमी चांदण्यांचे आधी वाचतो. 'काम चांगलं पण दुपारी फोन उचलत नाहीत' ही खरी माहिती. शेवटचा अभिप्राय किती जुना तेही बघतो, कारण दुकान बंद झालं तरी नोंद सुतक पाळत नाही. ती वर्षानुवर्षं 'आता उघडे आहे' म्हणत बसते.

आणि सगळ्यात भरवशाचा पुरावा म्हणजे दुकानाचा फोटो. नोंदीत कुणी काहीही भरेल, बोर्डावर रंगानं लिहिलेला नंबर धन्यानं स्वतः लिहून घेतलेला असतो. एका फोटोत बोर्ड इतका जुना होता की लँडलाइनचे सहाच आकडे. पुढं २ लावला की झाले सात, त्याच्या आधी ०२३१. एका नोंदीत ०२३० होतं, म्हणजे तो इचलकरंजीचा. आमची म्हातारी तिथवर कशाला न्यायची?

लँडलाइन अर्थात बंद होती. पण बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात मोबाइलही होता.

हे सगळं मिस्त्रीसारख्या माणसांपुरतं. बँकेचा, गॅसचा, कुठल्या मोठ्या कंपनीच्या 'कस्टमर केअर'चा नंबर मी सूचीत किंवा नकाशावर कधीच शोधत नाही. तिथं भामट्यांनी आपले नंबर पेरून ठेवलेले असतात. तो बिलावर, कार्डामागं किंवा कंपनीच्या स्वतःच्या साइटवर बघावा. फसलाच तर १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावायचा, तोही ताबडतोब.

मिस्त्रींनी दुसऱ्या रिंगला फोन उचलला. "नकाशा लावून येऊ नका. त्यो तुम्हाला पलीकडच्या गल्लीत न्हेऊन सोडतोय. उद्यमनगरात शिरा आणि कुणालाबी विचारा, वाइंडिंगवाला कुठाय."

मोटर स्कूटरवर पायांत धरून गेलो, तिसऱ्या माणसानं बरोबर पोचवलं. दहा बाय बाराचा गाळा, जमिनीवर जुन्या तांब्याच्या तारेची गुंतवळ, खुंटीला वाळत लावलेली स्टेटरं, म्हणजे मोटरीतली तार भरायची लोखंडी कडी, आणि तोच वार्निशचा वास, पण इथं न जळालेला. त्यांनी झाकण काढलं, काळी पडलेली गुंडाळी दाखवली आणि म्हणाले, "उद्या संध्याकाळी. वार्निश वाळायला टायम द्याय पायजे." मग मला विचारलं, नंबर कुठनं मिळाला? मी फोन दाखवला. सूचीत आपण आहोत हे त्यांना माहीतच नव्हतं. कुणातरी गिऱ्हाइकानं घातलं असणार.

"मला कशात घातलाय त्यात?"

मी वाचून दाखवलं. इलेक्ट्रिकल वस्तूंचे दुकान.

"मी काय इकत न्हाई काय," मिस्त्री जरा दुखावून म्हणाले. मग तार मोजत मोजत, "पोरग्याला सांगून दुरुस्त करून घेतो."

रविवारी रात्री गच्चीवर पाणी चढलं. आईला मिस्त्रींचा नंबर दिला, तिनं चष्मा लावून डायरीत उतरवला.

पाच महिन्यांनी शेजारच्या काकांची मोटर गेली. मधे माझा फोन बदललेला, नंबर त्यातनं उडालेला. सूचीत बघावं तर मिस्त्रींची नोंद त्या वर्गातनं गायब, पोरग्यानं खरंच बदलली असणार. डायरी काढली. 'व' बघितला, वाइंडिंग नाही. 'म' बघितला, मोटर नाही, मिस्त्री नाहीत. 'प'मध्ये पाणी नाही, पंप नाही, पेपरवाला तेवढा आहे.

"आई, वाइंडिंगवाला कुठं लिहिलायस?"

"'ल'मध्ये बघ की."

"'ल'मध्ये?"

"लग्नाचं फोन आलते न्हाई का त्या दिवशी? मला तसंच ध्यानात ऱ्हातंय."

'ल' उघडला. मिस्त्रींचा नंबर होता. त्याच्या खाली दोन्ही कार्यालयं होती, मंडपवाले होते, बँड होता, आणि घोडेवाल्याच्या नावापुढं कंसात 'माणूस चांगला'.

"हे सगळे कशाला लिहून ठेवलीस?"

"असू दे," आई भाकरी थापता थापता म्हणाली, "मुद्दाम ठेवलोय मी. लागंल तवा परत फोनवर शोधत बसशील."