मक्याच्या गावात सापडला पुण्याचा रेडिओ

घरी फोन केला की मावशीचा प्रश्न ठरलेलाच, मग तू कुठल्या चॅनलवर दिसणार गं? मावशी, मी दिसणार नाहीये. मी इथे अर्बाना शॅम्पेनला, इलिनॉय युनिव्हर्सिटीत, कम्युनिकेशन्स अँड मीडियात पीएचडी करतेय. त्यात कॅमेऱ्यासमोर उभं राहणं नाही, तर बातमी असो, मालिका असो नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपचा फॉरवर्ड, ते लोकांपर्यंत पोचतं कसं, लोक त्याचं काय करतात आणि मधे पैसा कोण कमावतं, याचा अभ्यास आहे.

शिकागोहून बसने दक्षिणेला साधारण २२० किलोमीटर, आणि शहर सुटलं की नुसता मका. कॅम्पसच्या आत पण शेत आहे, मॉरो प्लॉट्स म्हणतात, १८७६ पासून तिथे प्रयोग चालू आहेत, आणि शेजारी लायब्ररी बांधायची वेळ आली तेव्हा पिकावर सावली नको म्हणून ती सरळ जमिनीखाली बांधली, १९६९ साली. मी शेतकऱ्याच्या घरातली, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा इथे आपलं कोणीतरी आहे असं वाटलं.

आमची इन्स्टिट्यूट, म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेशन्स रिसर्च, १९४७ ची, विल्बर श्रॅम यांनी सुरू केलेली, या विषयाचा पाया घालणाऱ्यांपैकी एक. माध्यमांचं अर्थकारण अभ्यासणारे डॅलस स्मायद पण इथेच शिकवायचे. त्यांनी पुढे १९७७ मध्ये मांडलं की टीव्ही-रेडिओवाले विकतात तो माल म्हणजे कार्यक्रम नाही, तर बघणारे-ऐकणारे लोक, ते जाहिरातदाराला विकले जातात. फेसबुकच्या कितीतरी आधी! हे वाचलं त्या दिवशी मी मोबाईल बराच वेळ उलटा करून ठेवला होता.

रोजचं सांगायचं तर असिस्टंटशिप आहे, आठवड्याला २० तास अंडरग्रॅडच्या मुलांना शिकवायचं, पेपर तपासायचे, त्या बदल्यात फी माफ आणि महिन्याला पगार. बाकी सगळा वेळ वाचन. सेमिनारला दहा-बारा जण टेबलाभोवती बसतात आणि प्रत्येकाने बोलायचंच असतं. पहिलं सेमिस्टर मी गप्प होते, आपल्याकडे सर बोलले की आपण लिहून घ्यायचं ही सवय, ती मोडायला खरंच वेळ लागला. कोणी अप्लाय करणार असाल तर एक बघून घ्या, इथे कम्युनिकेशनचं डिपार्टमेंट वेगळं आणि मीडिया कॉलेजमधली आमची इन्स्टिट्यूट वेगळी, नावं सारखी वाटतात पण अर्ज वेगळे.

आणि आता ज्यासाठी लिहायला बसले ते. सेमिनारमध्ये एका आठवड्याचा विषय रेडिओ होता, त्याच्या वाचनात अचानक 'पूना' दिसलं. १९५६ साली युनेस्को आणि आकाशवाणीने पुणे केंद्रावरून एक प्रयोग केला होता, पाच जिल्ह्यांतली १५० गावं, प्रत्येक गावात वीसेक जणांचा गट, आठवड्यातून दोनदा संध्याकाळी अर्ध्या तासाचा शेतीचा कार्यक्रम ऐकायचा, मग तिथेच चर्चा करायची आणि प्रश्न केंद्राला लिहून पाठवायचे. पॉल न्यूराथ नावाच्या समाजशास्त्रज्ञाने त्या गावांची तुलना नुसता रेडिओ असलेल्या आणि रेडिओच नसलेल्या गावांशी केली, आणि गटात बसून बोलणाऱ्यांच्या माहितीत खूप जास्त भर पडलेली दिसली. ऐकण्यापेक्षा ऐकल्यावर बोलणं महत्त्वाचं. मी नगर जिल्ह्यातली, पुण्यात सहा वर्षं शिकले, एकदाही हे कोणी सांगितलं नव्हतं, मक्याच्या शेतात येऊन कळलं. लायब्ररीत एकटीच होते, डोळ्यात पाणी आलं.

सकाळी आठला आजीला फोन लावला, तिकडे संध्याकाळचे साडेसात. आजी ऐंशीची आहे. म्हटलं तुझ्या माहेरी गावात रेडिओ होता का गं?

"होता ना, चावडीत. लाकडी पेटी, बॅटरीवर चालायची."

"मग तुम्ही जायचा ऐकायला?"

"बायांना कोण बसू देतंय चावडीत. आम्ही मागच्या भिंतीला टेकून बसायचो, तांदूळ निवडत. बाप्ये बोलायला लागले की आवाज वाढायचा, मग रेडिओचं काही ऐकू यायचं नाही. त्यांचं संपलं की आमचं सुरू व्हायचं, भिंतीच्या अलीकडं."

आमचं सुरू व्हायचं! मी हे वाक्य तसंच्या तसं सेमिनारमध्ये सांगितलं, मराठीत आणि मग इंग्रजीत. त्या दिवशी मी पहिल्यांदा दहा मिनिटं सलग बोलले. श्रोते मोजायला जाणारा माणूस चावडीच्या दारातून आत जातो, भिंतीमागे कोण बसलंय ते त्याच्या वहीत येत नाही, आणि आज मोबाईल एकाच्या हातात आणि ऐकणारी चार माणसं स्वयंपाकघरात, तेव्हा पण तेच होतं. मॅडमनी क्लास संपल्यावर थांबवलं, म्हणाल्या आजीचं सगळं रेकॉर्ड करून ठेव, हाच तुझा विषय आहे.

डिसेंबरमध्ये येतेय. आजीच्या माहेरच्या अजून तिघी जणी आहेत, आजीने त्यांना निरोप पण धाडलाय. मला सांगून ठेवलंय, दुपारी दोनच्या पुढं ये, तोवर आम्हाला कामं असतात.