कागद हातात होता, तर अख्खा का नाही छापलात?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. आमची एखादी मोठी बातमी प्रसिद्ध झाली की हा प्रश्न हमखास येतो. वाचकांच्या पत्रांतून येतो, गिरगावातला मामेभाऊ विचारतो, लोकलमध्ये ओळख झालेल्या बाईही विचारतात. ‘कागद हातात होता ना? मग अर्ध्या ओळी काळ्या का? त्या माणसाचा चेहरा का झाकलात? वरून दबाव आला का?’

मी मुंबईतल्या एका शोधपत्रकारिता करणाऱ्या न्यूजरूममध्ये व्हिज्युअल्स एडिटर आहे. फोटो, नकाशे, ग्राफिक, व्हिडिओ, कागदपत्रांच्या प्रती, असं बातमीत जे जे डोळ्यांना दिसतं ते माझ्या टेबलावरून पुढे जातं. दबाव येतो, वकिलांच्या नोटिसाही येतात. पण तुम्हाला दिसलेली काळी पट्टी त्यामुळे पडलेली नसते. ती बहुतेक वेळा मी ओढलेली असते, म्हणून उत्तरही मीच द्यायला हवं.

एखाद्या सरकारी कार्यालयातून टिपणीची झेरॉक्स बाहेर येते. वाचणाऱ्याची नजर मजकुरावर असते, माझी समासावर. आवक शिक्का कुठे उमटलाय, स्टेपलची भोकं किती, कोपरा कुठे दुमडलाय, झेरॉक्सच्या काचेवरच्या ओरखड्यामुळे उभी रेघ आली आहे का, कुणी पेन्सिलीने बरोबरची खूण केली आहे का. एकाच पत्राच्या प्रती चार-पाच टेबलांवर गेलेल्या असतात, पण चहाचा डाग त्यातल्या एकीवरच असतो. तो डाग छापला तर प्रत कोणत्या टेबलावरून बाहेर गेली हे त्या कार्यालयातला कुणीही सांगेल. बऱ्याच रंगीत लेझर प्रिंटरमधून तर कागदावर डोळ्यांना न दिसणारे बारीक पिवळे ठिपके उमटतात. प्रिंटरचा क्रमांक आणि छपाईची तारीख-वेळ त्यांत दडलेली असू शकते. ज्या कारकुनाने नोकरी पणाला लावून तो कागद आमच्यापर्यंत पोचवला, त्याचं घर त्या ठिपक्यांवर उभं असतं.

काळी पट्टी ओढणंही वाटतं तितकं सोपं नाही. पीडीएफवर नुसता काळा चौकोन ठेवला तर खालची अक्षरं जिथल्या तिथेच राहतात. ओळ निवडायची, कॉपी करायची, दुसरीकडे पेस्ट करायची, की नाव समोर. म्हणून पट्टी मारल्यावर आम्ही त्या पानाची नव्याने सपाट प्रतिमा करतो, मेटाडेटा, म्हणजे फाइलमध्ये दडलेली नोंद, काढतो आणि पट्टीखालचं काही वाचता येतंय का ते तपासायला डेस्कवरच्या दुसऱ्या कुणाला तरी ती देतो. पट्टीची लांबीसुद्धा बोलते. कार्यालयात दोनच अधिकारी असले, एकाचं नाव आखूड आणि दुसऱ्याचं लांबलचक, तर पट्टी पाहूनच कळतं कोण ते. त्यामुळे सगळ्या पट्ट्या एकाच मापाच्या ठेवते.

एवढं करूनही धोका उरतो असं वाटलं तर कागद दाखवतच नाही. लागतात तेवढ्या ओळी टाइप करून देतो आणि खाली स्पष्ट लिहितो की हा मजकूर मूळ कागदावरून घेतला आहे. मूळ कागद रिपोर्टरने, संपादकांनी आणि वकिलांनी पाहिलेला असतो. मात्र हुबेहूब दिसणारा लेटरहेड आणि शिक्का काढून ‘प्रातिनिधिक’ कागद छापायला मी कधीही तयार होत नाही. खोटा कागद तो खोटाच. आमची बातमी खरी आहे म्हणून तो खरा ठरत नाही.

जे मुळातच सार्वजनिक आहे, तिथे माझं मत अगदी उलट आहे. सातबारा, इंडेक्स टू म्हणजे नोंदणी झालेल्या खरेदीखताचा गोषवारा, महारेरा या बांधकाम प्रकल्पांच्या नियामकाच्या संकेतस्थळावरची प्रकल्पाची कागदपत्रं, २००५च्या माहिती अधिकार कायद्याखाली मिळालेलं उत्तर, ही सगळी पानं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचकांना मिळायला हवीत. माहिती अधिकाराच्या उत्तरात मी एकच गोष्ट न चुकता झाकते: अर्जदाराचं नाव आणि घरचा पत्ता. उत्तर त्याच्याच पत्त्यावर आलेलं असतं, आणि ते पत्र घाईघाईत जसंच्या तसं पुढे पाठवणारे कितीतरी लोक मी पाहते.

चेहऱ्याबद्दल बोलायचं, तर लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात प्रश्नच उरत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ पीडितेची ओळख पटेल असं काहीही छापू देत नाही. मूल असेल तर २०१२च्या पोक्सो कायद्याचं कलम २३ आहे, त्यात शाळा आणि वस्तीसुद्धा येते. पण मला कायद्यापेक्षा शेजाऱ्यांची काळजी जास्त वाटते. चाळीत राहणाऱ्या बाईचा चेहरा ब्लर केला आणि तिची साडी, हातावरचं गोंदण, मागची निळी खिडकी तशीच ठेवली, तर अनोळखी लोकांना ती कळणार नाही, पण अख्ख्या मजल्याला कळेल. आणि तिला त्रास मजल्याकडूनच होणार असतो.

काही वेळा आम्ही फोटो दाखवत नाही, कारण तो खरा आहे हे आम्हाला सिद्ध करता आलेलं नसतं. समजा, यंदाच्या नालेसफाईचा म्हणून फोटो आला. मागे स्टेशनची पाटी दिसते आणि तिच्यावर एल्फिन्स्टन रोड लिहिलंय. त्या स्थानकाचं नाव जुलै २०१८मध्ये प्रभादेवी झालं, म्हणजे फोटो त्याआधीचा. डिझेलवर चालणारी लाल डबलडेकर दिसली तर फोटो फार तर सप्टेंबर २०२३पर्यंतचा, कारण तेव्हा त्या बस बंद झाल्या. सावल्याही साक्ष देतात. मुंबई साधारण १९ अंश उत्तरेला आहे. त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत ऐन मध्यान्ही, म्हणजे घड्याळात साडेबाराच्या आसपास, सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेकडे पडते. उरलेल्या वर्षभर ती उत्तरेकडे पडते. डिसेंबरातल्या दुपारचा म्हणून दिलेल्या फोटोत खांबाची सावली दक्षिणेला दिसली, तर तो फोटो डिसेंबरातल्या दुपारचा नाही. हे काम मला मनापासून आवडतं. रस्ता, गटाराचं झाकण, दुकानाची पाटी, सगळं शहर आपण होऊन तारीख सांगायला लागतं.

आणि कधी कधी फोटोने मूळ मुद्दाच झाकला जातो. १३ मे २०२४ला घाटकोपरच्या छेडानगरात वादळी वाऱ्यात होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं, १७ माणसं गेली. ढिगाऱ्याचे आणि रडणाऱ्या नातेवाइकांचे फोटो सगळीकडे होते. माझ्या मते त्या घटनेचं सर्वांत बोलकं चित्र दोन चौकोनांचं आहे. पालिकेची कमाल मर्यादा ४० बाय ४० फूट, होर्डिंग १२० बाय १२० फूट. आकडे नुसते वाचले की ‘तिप्पट’ असं मनात येतं. शेजारी शेजारी प्रमाणात काढा: एका चौकोनात दुसरे नऊ मावतात. १,६०० चौरस फूट आणि १४,४०० चौरस फूट. इतका मोठा चौकोन हमरस्त्यालगत उभा होता, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसत होता, हे त्या दोन चौकोनांतून जितकं अंगावर येतं तितकं एखाद्या आईचा आक्रोश जवळून दाखवून येत नाही. त्या आईला आम्ही विचारलेलंही नसतं.

आता तुमच्याकडून एक हवं आहे. काही दिसलं, फोटो काढला आणि आम्हाला पाठवावासा वाटला, तर मूळ फाइल पुसून टाकू नका. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की त्यातली वेळ आणि ठिकाणाची नोंद निघून जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर राहते. आम्हाला पडताळणीसाठी ती नोंद फार उपयोगी पडते. पण तीच नोंद तुम्ही कुठे उभे होतात हेही सांगते. म्हणून लगेच पाठवू नका. आधी फोन करा, फोटोत काय आहे आणि तुम्ही कुठून काढलात एवढं सांगा, मग कसा पाठवायचा ते मिळून ठरवू.