उमेदा ते ताकाराझुका

आज सुट्टी होती म्हणून जपानमधल्या ओसाकाच्या उमेदा स्टेशनहून हानक्यू या खासगी रेल्वेच्या गाडीने ताकाराझुकाला जाऊन आले. तपकिरी-लालसर डबे आणि हिरव्या मऊ सीट, लख्ख पुसलेल्या.

1910 मध्ये ही लाइन सुरू झाली तेव्हा इथे बरीचशी शेतंच होती. बसणार कोण? ही रेल्वे उभी करणारा कोबायाशी इचिझो हा मूळचा बँकेतला माणूस. त्याने प्रवाशांची वाट पाहिली नाही, प्रवासी तयार केले! रुळांलगतची जमीन घेऊन इकेदाला घरं बांधली आणि नोकरदारांना ती हप्त्यांवर विकली. दुसऱ्या टोकाला, ताकाराझुकाला, गरम पाण्याची स्नानगृहं काढली. तिथला पोहण्याचा तलाव मात्र चालला नाही, पाणी फारच थंड. मग त्यावर फळ्या टाकून प्रेक्षकांची बैठक केली आणि 1914 मध्ये मुलींच्या संगीतनाट्याचा पहिला प्रयोग झाला. तीच आजची जगप्रसिद्ध ताकाराझुका नाट्यमंडळी! 1929 मध्ये उमेदा स्टेशनलाच डिपार्टमेंट स्टोअर आलं, पुढे तोहो ही नाटक-सिनेमाची कंपनीही.

मला सगळ्यात भावली ती स्टोअरच्या उपाहारगृहाची गोष्ट. मंदीच्या काळात लोक नुसता भात मागवून टेबलावरचा सॉस ओतून खायचे. कोबायाशीने त्यांना हाकललं नाही, उलट या म्हणाला. आज खिसा रिकामा असला तरी उद्या हीच माणसं बायकामुलांना घेऊन येतील, हा त्याचा हिशोब.

परतताना उमेदाला उतरले, तर स्टोअरच्या दारात आजी-आजोबा नातवाला घेऊन उभे होते. किती तरी वेळ तिथेच थांबले मी.