चित्रं नाही, गिलावा: अजिंठा-वेरूळची दोन दिवसांची फेरी

माझा धंदा गच्च्यांच्या वॉटरप्रूफिंगचा. नाशिकमध्ये पंचवीस वर्षं लोकांच्या छतातली ओल शोधत फिरतोय. अजिंठ्याला शाळेच्या सहलीत गेलो होतो, त्यातलं फक्त माकडानं पळवलेला डबा आठवतो. गेल्या श्रावणात परत गेलो तो भाचीमुळे. मुक्ता वास्तुसंवर्धन शिकते, तिच्या प्रबंधाचा विषय जुन्या लेण्यांतला मातीचा गिलावा. म्हणाली, "मामा, तू चल. ओल तुला माझ्याआधी दिसते." अशी स्तुती गिऱ्हाईक कधी करत नाही, म्हणून निघालो.

आधी जायचं कसं ते सांगतो. बहुतेक लोक छत्रपती संभाजीनगरला मुक्काम करतात आणि तिथून शंभरेक किलोमीटर येऊन त्याच दिवशी परत जातात. म्हणजे लेण्यांत पोचायला अकरा वाजतात, आणि अकराला तिथे जत्रा असते. मुंबई-नाशिक बाजूनं येणार असाल तर रेल्वेनं थेट जळगावला उतरा. तिथून लेणी साठेक किलोमीटर. संभाजीनगरकडे जाणारी एसटी पकडा आणि कंडक्टरला "अजिंठा लेणी" असं पूर्ण सांगा. नुसतं "अजिंठा" म्हणालात तर तो घाटावरच्या अजिंठा गावाचं तिकीट फाडेल. आम्ही फर्दापूरला राहिलो, रात्री शेवभाजी-भाकरी खाल्ली आणि सकाळी दार उघडायच्या वेळेला फाट्यावर हजर झालो. फाट्यापासून पुढचे चार किलोमीटर आपली गाडी नेता येत नाही, त्यांच्याच बसनं जावं लागतं. लेण्यांजवळ धूर नको म्हणून ही सोय आहे. कुरकुर करू नका, कारण पुढे दिसेलच.

पहिल्या बसमध्ये आम्ही धरून नऊ माणसं. तिकीट काढून सगळे सरळ एक नंबरच्या लेण्यात शिरले, आम्हीही. नंबराच्या क्रमानं जाण्यात एरवी अर्थ नाही, पण सकाळी पहिल्या तासात १ आणि २, आणि मग लगेच १६ आणि १७, एवढं उरकून घ्या. चित्रं मुख्यतः याच चारांत आहेत आणि गर्दी वाढली की आत थोडी-थोडी माणसं सोडतात. चित्रांच्या लेण्यांत चपला बाहेर काढाव्या लागतात, तेव्हा लेसचे बूट घालून जाऊ नका. आत मंद दिवे असतात. उन्हातून आलेल्या डोळ्यांना पहिली पाच मिनिटं काहीच दिसत नाही आणि तेवढ्यात निम्मे लोक "काही नाही रे इथे" म्हणून बाहेरही पडतात. एका कडेला उभे राहा. अंधारातून आधी एक खांदा दिसतो, मग मुकुट, मग हातात कमळ घेतलेला बोधिसत्त्व, पद्मपाणी, पूर्ण उभा राहतो. मोबाईलचा टॉर्च लावू नका. फ्लॅशला बंदी आहेच. छोटी दुर्बीण न्या, छतासाठी तिच्यासारखं साधन नाही.

पद्मपाणीसमोर मी किती वेळ उभा होतो ते सांगत नाही, कारण मुक्तानं मला तिथून ओढून एका मोकळ्या भिंतीसमोर नेलं. तिथे चित्र नव्हतं. गिलावा गळून उघडा बसाल्ट दिसत होता आणि त्यावर छिन्नीचे खडबडीत घाव. "हे घासून गुळगुळीत का नाही केलं?" तिनं विचारलं. हे मला कुणी शिकवायला नको. काँक्रीटवर प्लास्टर करायच्या आधी आम्ही टाचे मारतो ते कशासाठी? पकड यायला. पंधराशे वर्षांपूर्वीच्या कारागिराला तेच ठाऊक होतं. त्या खडबडीत दगडावर मातीचा जाड थर, मातीत भाताचं तूस, गवत, झाडांचे तंतू. त्यावर बारीक मातीचा दुसरा हात, वर चुन्याचा पातळ लेप, आणि तो वाळल्यावर डिंक-सरसासारख्या चिकट द्रव्यात कालवलेला रंग. इटलीत ओल्या चुन्यावर रंगवतात, तिथे रंग चुन्यातच मुरतो. इथे तो नुसता वर बसलेला. म्हणजे पाणी आलं की रंग सुटतो, तूस किड्यांनी खाल्लं की माती भुसभुशीत होते, आणि माती सुटली की चित्रासकट पापुद्रा खाली.

त्या तुसापायी मला झोप आली नसती. कुठल्याही मिस्त्रीला विचारा, गिलाव्यात खाण्यासारखं काही घातलं की खाणारा येतोच.

मी नकळत बोट वळवून भिंतीवर टकटक करणार होतो. टाईल पोकळ बसली आहे का ते आम्ही असंच बघतो. "मामा, हात नको लावूस!" मुक्ता इतक्या जोरात ओरडली की रखवालदार आला. गंमत म्हणजे संवर्धनवालेही अगदी हलक्या बोटानं असंच वाजवून बघतात, पोकळ आवाज आला की तिथे गिलावा दगडापासून सुटलेला असतो. मग बारीक सुईनं आत चिकटवणारं द्रव्य सोडायचं आणि तुटलेल्या थराच्या कडा बांधून घ्यायच्या. भिंतींवर चित्रांच्या तुटक्या कडेनं फिकट पट्टी फिरलेली दिसेल, ती हीच. एकदा ती दिसायला लागली की सगळीकडे दिसते. मला तर पुढच्या लेण्यांत चित्रांआधी पट्ट्याच दिसत होत्या.

दहाव्या लेण्यात आम्ही सगळ्यात जास्त थांबलो. २८ एप्रिल १८१९ ला शिकारीला आलेला जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी इथे शिरला आणि त्यानं खांबावर आपलं नाव नि तारीख कोरली. ते नाव आज आपल्या डोक्याच्याही वर दिसतं, कारण तेव्हा लेण्यात पुरुषभर राडारोडा साचला होता आणि तो त्यावर उभा होता. बोधिसत्त्वाच्या चित्रावर नाव खरवडणारा तो पहिला शिकलेला माणूस. त्याच्यामागून आलेल्यांनी खाली किती बदाम कोरलेत ते मोजू नका.

या लेण्याच्या दर्शनी भागावर ब्राह्मीत एक छोटा लेख आहे. वासिठीपुत कटहादि नावाच्या माणसानं 'घरमुख' दान दिल्याचा. घरमुख! एलिव्हेशनला इतका सुंदर शब्द आपल्याकडे असताना मी आयुष्यभर एलिव्हेशन म्हणत आलो.

आत भिंतीवरची चित्रं सातवाहन काळातली, इथली सर्वांत जुनी. शंभर वर्षं ती जवळजवळ काळी होती. का, ते ऐकून मला वाईटही वाटलं आणि हसूही आलं. १८४४ पासून रॉबर्ट गिल नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं वर्षानुवर्षं इथे राहून नकला काढल्या, त्या लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगल्या आणि १८६६ च्या आगीत बहुतेक जळाल्या. मग १८७२ पासून जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी आले. त्यांच्याही कितीतरी नकला १८८५ मध्ये लंडनमधल्याच दुसऱ्या एका आगीत गेल्या. नकला करताना चित्र उठून दिसावं म्हणून मूळ चित्रांवर व्हार्निश फिरवलं जायचं. पुढे निजाम सरकारनं, पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी असताना, १९२० मध्ये इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी हे दोन जाणकार आणवले. त्यांनी सुटलेला गिलावा बसवला, कडा बांधल्या, आणि ते झालं नसतं तर कितीतरी चित्रं कधीच खाली आली असती. पण रंग पक्के राहावेत म्हणून त्यांनी वर लाख फिरवली.

लाख म्हणजे चपडा. आपले पॉलिशवाले स्पिरिटमध्ये भिजवून लाकडावर मारतात तोच. आजोबांच्या कपाटावरचं पॉलिश चाळीस वर्षांत कसं पिवळं-तपकिरी होतं ते आठवा. त्यावर वटवाघळांची घाण, धूळ, माणसांच्या श्वासाची वाफ. १९९९ पासून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे रसायनतज्ज्ञ राजदेव सिंह यांच्या पथकानं इथला थर तसूतसूनं उतरवायला घेतला, तेव्हा खालची माणसं पुन्हा दिसायला लागली. मुक्ताला यातलं रसायन आवडतं. मला त्यातला संयम. आमच्या धंद्यात पापुद्रा काढायचा म्हणजे पत्रा आणि हातोडी.

पावसाळ्यात जावं का, हा प्रश्न सगळे विचारतात. निव्वळ चित्रांसाठी जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पण तुम्ही संवर्धनाचे विद्यार्थी असाल, किंवा माझ्यासारखे ओलीचे भक्त असाल, तर पावसातच जा. वाघूर नदी घोड्याच्या नालेसारखी वळलेली, समोर सप्तकुंडाचा धबधबा, आणि डोंगरमाथ्यावरचं पाणी खडकाच्या भेगांतून कसं झिरपतं ते तेव्हाच कळतं. चार नंबरच्या लेण्यात, जे इथलं सर्वांत मोठं विहार, छताकडे जरूर बघा. लाव्ह्याच्या प्रवाहाची खूण खडकात तशीच उघडी आहे. एवढा कडक काळा दगड एकसंध नाही, थराथरानं आलेला आहे, आणि दोन थरांच्या मधून पाणी वाट काढतं. स्लॅबचा जॉइंट गळतो तसंच. वर डोंगरावर पाणी वळवायला चर काढलेले आहेत. पायऱ्या मात्र पावसात निसरड्या असतात. वयस्कर माणसं बरोबर असतील तर डोलीवाले मिळतात, दर आधी ठरवा.

आमची एक फजिती सांगून ठेवतो. मुक्तानं कॉलेजचं पत्र आणलं होतं, त्यात फक्त "पाहणी" लिहिलेलं. ट्रायपॉडचा उल्लेख नव्हता, त्यामुळे ट्रायपॉड दिवसभर सामानघरात. चूक आमचीच. अभ्यासाला जाणाऱ्यांनी मोजमाप, ट्रायपॉड, जास्तीचा प्रकाश यांतलं जे जे हवं ते पत्रात नावानिशी लिहून पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संभाजीनगर कार्यालयाची परवानगी बऱ्याच आधी घ्यावी. वही-पेन्सिलीला कुणी अडवत नाही. आणि खरं सांगायचं तर मुक्तानं हातानं काढलेली पडझडीची रेखाटनंच तिच्या गाईडना जास्त आवडली.

अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. आम्ही हुशारीनं रविवारी अजिंठा आणि सोमवारी वेरूळ असं बसवलं. श्रावणी सोमवार आहे हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही! वेरूळला घृष्णेश्वर. गाड्या कुठल्या कुठे अडवलेल्या, शेवटचा पल्ला भाविकांच्या रांगेबरोबर चालत. एका आजींनी तर "माळ कुठाय?" म्हणून मला विचारलं. श्रावणात जाणार असाल तर सोमवार सोडून कुठलाही वार, मंगळवार अर्थातच नाही.

कैलास लेणं तुम्ही बघणारच, त्याबद्दल मी काय सांगू. एवढंच, की त्याला लोक 'रंगमहाल' म्हणत, कारण त्यावर गिलावा आणि रंग होता. त्याचे तुकडे अजून वळचणीला दिसतात, दुर्बीण इथेही काढा. गर्दी तिथेच अडकते, म्हणून आम्ही सरळ बारा नंबरला गेलो. तीन ताल. तीन मजले, उंच पायऱ्या, आणि सोमवारच्या गर्दीतही आत आम्ही दोघंच. मुक्ता छताच्या एका कोपऱ्याकडे बघत उभी. रखवालदारानं विचारलं, "ताई, तिथं काय बघताय? मूर्ती इकडं आहेत." ती म्हणाली, "काका, तिथे भांग आहे." काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

खरंच आहे. २०१६ मध्ये राजदेव सिंह आणि इथल्याच मराठवाडा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी एक शोधनिबंध छापला. वेरूळच्या मातीच्या गिलाव्यातले तंतू सूक्ष्मदर्शकाखाली बघितले तर ते भांगेच्या झाडाचे निघाले. ताडून बघायला जालन्याकडची आणि दिल्लीजवळची ताजी झाडं आणली होती. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नाही, आणि तिथे किड्यांनी धुमाकूळ घातला. वेरूळला भांगेचा गिलावा किड्यांनी तसा सोडून दिलाय. भांगेचे तंतू दमटपणाही शोषून घेतात आणि सोडतात. देवगिरी किल्ल्यातल्या गिलाव्यातही तीच सापडली, म्हणजे यादवांच्या काळापर्यंत कारागीर हे विसरले नव्हते. देवगिरी वाटेतच आहे, पण आम्ही तो सोडला. श्रावणी सोमवारानं पाय संपवले होते.

आता एक आवश्यक सूचना, अजिंठ्याच्या फाट्यावरच्या दगडवाल्यांबद्दल. ते तुमचं नाव विचारतात, एक छोटा चकाकता दगड "भेट" म्हणून हातात देतात आणि परतताना तुम्हाला नावानं हाक मारतात. भेट घेतलीत तर दुकानात जावंच लागतं. सांगितलेली किंमत बस सुटेपर्यंत निम्म्यावर येते. मी पांढऱ्या सुयांसारख्या स्फटिकांचा एक घेतला, सांगितल्याच्या तिसऱ्या हिश्शात, आणि फार खूश होतो. बसमध्ये मुक्तानं तो हातात फिरवला आणि म्हणाली, "मामा, हा कसा तयार होतो माहितीय? बसाल्टच्या पोकळीत पाणी झिरपत राहतं, त्यातून."

म्हणजे मी गळतीच विकत घेतली होती. सध्या ऑफिसच्या टेबलावर आहे, बिलांवर ठेवलेला.