रंगीत गोळ्या

अमेरिकेत काही माणसं सुट्टीच्या दिवशी गॅरेजमध्ये शिसं वितळवून बंदुकीच्या गोळ्या ओततात. नेमबाजीचा छंद महागडा, त्यावरचा हा उतारा. इथवर समजू शकतं. पण थंड झालेल्या त्या गोळ्या ही माणसं नंतर रंगवतात. लाल, निळ्या, हिरव्या. फळीवर मांडल्या की वाण्याकडच्या लिमलेटच्या बरण्याच! जी वस्तू डोळ्याचं पातं लवायच्या आत मातीच्या ढिगाऱ्यात घुसून चेपणार, तिला एवढं नटवायचं कशाला?

तर यात नटण्याचा भाग कमी. शिसं मऊ. नळीतून जाताना ते आतल्या खाचांना घासतं आणि मागे आपला थर ठेवून जातं. मग नेम बिघडतो आणि नळी खरवडत बसावं लागतं. म्हणून गोळीला काहीतरी ओशट फासायची रीत जुनी. आपल्याला तर हे नव्याने सांगायला नको. 1857 साली एन्फील्डच्या काडतुसांना गाईची-डुकराची चरबी असल्याची बातमी छावण्यांतून फिरली, आणि पुढचं सगळं आपण शाळेत पाठ केलं. ती चरबी मुळात लावायचीच कशाला, हे मात्र वर्गात कुणी विचारलं नाही. गोळी नळीत सहज सरकावी, एवढंच कारण. शिपायांनी आपापलं मेण-तेल वापरावं अशी मुभा नंतर मिळाली, पण तोवर विश्वास उडाला होता.

छंदी मंडळीही बरीच वर्षं मेणावरच होती. धूर फार, हात चिकट. आता त्याजागी पावडर कोटिंग आलं. आपल्या खिडकीच्या ग्रिलवर आणि ऑफिसच्या कपाटावर असतं तेच. भोसरीच्या शेडमध्ये फवारणीच्या गनमधून रंगाची कोरडी पावडर उडवतात, तिला हजारो व्होल्टचा भार देतात आणि अर्थिंग केलेला जॉब, म्हणजे रंगवायची वस्तू, तिला ओढून घेतो. गॅरेजवाल्यांपैकी पुष्कळांकडे ही फवारणीची गन नसते. ते गोळ्या आणि पावडर प्लास्टिकच्या डब्यात घालून खुळखुळवतात. घासण्यातून वीज तयार होते आणि पावडर शिशाला बिलगते. हवा दमट असली की मात्र रुसते. मुंबईच्या जुलैत हा उद्योग बसलाच असता. अर्थात आपल्याकडे परवान्याशिवाय घरी दारूगोळा करायला बसलात, तर 1959 चा शस्त्र कायदा पावसाची वाट पाहणार नाही.

पुढचं काम छोट्या टोस्टर ओव्हनचं. साधारण 200 अंश सेल्सिअसला वीसेक मिनिटं. शिसं वितळतं 327 अंशांना, म्हणून पावडर वितळून एकजीव होते आणि गोळी आपला आकार सोडत नाही. त्या ओव्हनमध्ये पुन्हा कधीही पाव भाजायचा नाही, हा नियम जाणती माणसं कडक पाळतात. शिसं पोटात जाणं हा थट्टेचा विषय नव्हे. रंग कोणता, याला गोळी उडवण्याच्या दृष्टीने फारसा अर्थ नाही. पण वेगवेगळ्या घाण्यांना वेगवेगळे रंग दिले की सरमिसळ होत नाही, असं ही मंडळी सांगतात. मला ते कारण निम्मंच खरं वाटतं. निळी गोळी छान दिसते, हे उरलेलं निम्मं.

मला आवडली ती त्यांची परीक्षा. घाण्यातली एक गोळी ऐरणीवर ठेवून हातोडीने सपाट करायची. रंगाचे पापुद्रे उडाले तर कोटिंग नापास. चपट्या झालेल्या शिशाबरोबर रंगही पसरला तर पास. आमच्या बाल्कनीच्या ग्रिलला दुसऱ्याच पावसाळ्यात फोड आले. कोटिंगआधीची धुलाई आणि फॉस्फेटिंग (रंग धरावा म्हणून लोखंडावर चढवायचा फॉस्फेटचा थर) कुणीतरी उरकून टाकलं असणार. पुढच्या वेळी ग्रिल ताब्यात घेताना मी हातोडी घेऊन जाणार आहे.